वेळापूर ते आळंदी : थांबे आधी, देव मग

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही वेळापूरहून, म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातून बोलतोय. मागच्या वेळी गटाच्या वह्या आणि हिशेबावर बोललो होतो. आज विषय सहलीचा आहे. पण हसू नका, सहलीलाही हिशेब लागतो, आणि तो नुसता पैशाचा नसतो.

आमच्या दोन गटांतल्या सोळा जणी फाल्गुनात गाडी करून आळंदीला जाऊन आलो. ज्या रस्त्यानं माउलींची पालखी दर आषाढात आमच्याकडं येते, त्याच रस्त्यानं आम्ही उलटं गेलो. वेळापूर हा पालखीचा मुक्काम. गावाजवळच्या उतारावरून वारकरी धावत सुटतात, त्याला धावा म्हणतात. तुकाराम महाराजांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते पळत सुटले, अशी श्रद्धा आहे. बघायला माणूस मावत नाही. पण त्या दिवशी वेळापूरची बाई कुठं असते? भाकरी थापत असते. आलेल्या दिंडीला जेवू घालायचं, पाणी द्यायचं, अंगणात झोपायला जागा करायची. आयुष्यभर दारात वारी बघितली, पण ती निघते कुठून ते बघितलं नाही. बैठकीत विचारलं तर सोळापैकी अकरा जणींनी आळंदी बघितली नव्हती.

पैसे जमवायला अडचण आली नाही. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिलंच ठरलं. दहा महिने दर महिन्याला दीडशे रुपये वेगळे काढले, वेगळी वही केली. अडचण आली ती दुसरीच.

आमच्यात एक थोरल्या काकू आहेत. वय अडुसष्ट, साखरेचा आजार. दर तासाला, फार तर दीड तासाला, त्यांना लघवीला जावं लागतं. कुठं लग्नाला एस.टी.नं जायचं असलं की काकू आदल्या रात्रीपासून पाणी बंद करतात. बैठकीत एक जण बोलून गेली, "काकूंना न्यायचं म्हणजे दर मैलाला गाडी उभी करावी लागंल." बोलणारीच्या मनात वाईट नव्हतं. पण काकू उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी न्हाई येत. माज्यामुळं सगळ्यांचा खोळंबा नको." आणि गेल्या.

काकू गेल्यावर आम्ही एकमेकींना विचारलं, प्रवासाला निघताना पाणी न पिणाऱ्या आपण किती जणी? आधी कुणी बोलेना. मग एकेक हात वर यायला लागला. मोजले, बारा निघाले. त्यात सव्वीस वर्षांची सूनबाईसुद्धा. म्हणजे काकू नुसत्या उघड बोलल्या होत्या, बाकीच्या गप्प राहून तेच करत होतो.

आशाताईंना बोलावून घेतलं. त्यांनी सांगितलेलं तुम्हालाही सांगतो. पाणी तोडलं आणि लघवी दाबून ठेवली, की जळजळ आणि जंतुसंसर्गाला आमंत्रण मिळतं. साखर असलेल्या बाईला तो धोका जास्त. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात गाडीत बसून पाणी तोडलं तर चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे. आपण त्याला "गाडी लागली" म्हणतो. पुष्कळदा गाडी लागलेली नसते, पाणी कमी पडलेलं असतं.

म्हणून ठरलं, सहल काकूंच्या तासानं चालवायची. देवळं, वाडे, घाट सगळं नंतर. आधी थांबे. दोघी जणी काकूंच्या घरी गेलो आणि सांगितलं, "तुम्ही आल्या नाहीत तर आम्हाला थांबे कळणार नाहीत." तरी त्या हो म्हणाल्या नाहीत. "कागद दावा आधी" म्हणाल्या.

आता कागद करायचा कसा? आमच्यातल्या एकीनं फार चांगलं सुचवलं. म्हणाली, पालखीचंच बघा ना. एवढी लाखो माणसं चालत येतात, त्यांचे थांबे कुणीतरी आधी बसवलेच असतील की. आणि खरंच आहे. आजच्या रूपातला माउलींचा सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी १८३२च्या सुमारास सुरू केला. मुक्काम ठरलेले, मधले विसावे ठरलेले, दुपारचं जेवण कुठं ते ठरलेलं. साधारण अंतरं बघा. पुणे ते सासवड ३२ किलोमीटर, वर दिवेघाटाची चढण, म्हणून पुण्यात दोन रात्री आणि सासवडला दोन रात्री. लोणंद ते तरडगाव मात्र आठच किलोमीटर. पुढं फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे अठरा ते एकवीस किलोमीटरचे टप्पे. म्हणजे दमवणारा दिवस आला की पुढं विश्रांती. म्हाताऱ्या माणसाच्या पायाचा अंदाज घेतल्याशिवाय असं वेळापत्रक होत नाही.

पाण्याचंही तसंच. सासवड कऱ्हेच्या काठी. वाल्ह्याहून लोणंदला येताना नीरा नदी, तिथं माउलींच्या पादुकांना स्नान. फलटण बाणगंगेच्या काठी. आमच्या पलीकडं भंडीशेगाव आणि वाखरीच्या मध्ये बाजीराव विहीर, तिथं रिंगण होतं. हा सगळा कोरडा पट्टा आहे. पावसाचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि फलटण-माळशिरसकडं पाचशेच्या आसपास. आता नीरेच्या उजव्या कालव्यामुळं ऊस दिसतो, पण कालव्याच्या वरच्या अंगाला अजून कुसळंच आहेत. कालवा नव्हता तेव्हा या वाटेनं जाणाऱ्यानं विहीर कुठं आणि सावली कुठं हे पाठ केल्याशिवाय घर सोडलं नसणार. टीव्हीवर राजस्थानचं वाळवंट दाखवतात. तिथल्या उंटांच्या तांड्यांचंही हेच होतं, आजचा मुक्काम उद्याच्या पाण्याच्या बेतानं. आपल्याला वाळवंट म्हटलं की चंद्रभागेचं वाळवंट आठवतं, ते निराळं.

तर आम्ही पालखीचे मुक्काम खालून वर लिहून काढले. माळशिरस, नातेपुते, बरड, फलटण, तरडगाव, लोणंद, वाल्हे, जेजुरी, सासवड, पुणे, आळंदी. दोनशेच्या वर किलोमीटर. प्रत्येक नावापुढं रकाने आखले : पोचायची वेळ, प्यायचं पाणी, बायकांचा संडास, सावली, टेकायला जागा, पायऱ्या किती. आणि रकाने भरायला बसलो तेव्हा आपल्याकडं किती मोठा नकाशा आहे ते कळलं. माहेरांचा नकाशा! एकीचं माहेर फलटणजवळ. एकीची लेक लोणंदला दिलेली. एकीची नणंद जेजुरीत हार-भंडाऱ्याचं दुकान लावते. फोन लावले. "एस.टी. स्टँडवरचा संडास कसा आहे? आत पाणी असतं का? कडी लागते का?" असं विचारल्यावर पलीकडची बाई आधी हसायची आणि मग इतकं नीट सांगायची की विचारू नका. हे कुणी कुणाला विचारत नाही, पण प्रत्येक बाईला पाठ असतं.

बरडजवळ एका जणीची चुलत बहीण राहते. तिनं घरीच थांबा म्हणून सांगितलं. थांबलो, पण चहा-साखर आणि बिस्किटं आमची नेली. सोळा जणी अचानक दारात आल्या तर त्या माउलीचा महिन्याचा चहा एका सकाळी संपायचा.

दुपारचं जेवण हॉटेलात घ्यायचं नाही, हेही ठरलं. फलटणच्या पुढच्या एका गावातल्या बचत गटाला चार दिवस आधी सांगितलं. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ताक. हॉटेलपेक्षा कमी पैसे लागले, ते बायकांच्या हातात गेले, आणि त्यांच्या अंगणात पाठ टेकता आली. हात धुवायला जागा, संडास, सावली सगळं एकाच ठिकाणी. तुमच्या गावावरून असा मोठा रस्ता जात असेल तर तुम्हीही हा धंदा करू शकता. चार भाकरी जास्त थापाव्या लागतील, पण पाट्या लावायची गरज नाही, फोनवर फोन जातो.

गाडी ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ड्रायव्हरदादांचं ठरलेलं हॉटेल असतं, तिथं गाडी नेली की त्यांना जेवण फुकट मिळतं. त्यात त्यांचा दोष नाही, रात्रंदिवस गाडी चालवतात. पण आपला थांबा मग त्यांच्या जेवणावर ठरतो. आम्ही भाडं ठरवतानाच कागद पुढं ठेवला. म्हटलं, दादा, तुमचं दोन्ही दिवसांचं जेवण-चहा आमच्याकडं, पण थांबे आमचे. ते म्हणाले, "एवढे थांबे? आळंदीला कवा पोचायचं?" आम्ही म्हटलं, पोचू की, वारी पोचतेच ना.

दुसरी युक्ती डिझेलची. पेट्रोल पंपावर ग्राहकाला हवा, पिण्याचं पाणी आणि संडास फुकट द्यायचा असतो, असा नियम आहे. म्हणून डिझेल एकदम भरायचं नाही, दोनदा भरायचं. म्हणजे दोन थांबे हक्काचे होतात. जाताना एका पंपावर बायकांच्या संडासाला कुलूप होतं. "किल्ली मालकाकडं हाय" म्हणाला तिथला पोरगा. आमच्यातल्या एकीनं शांतपणे तक्रारवही मागितली. वही काही आली नाही, किल्ली मात्र आली. भांडण नाही, आवाज चढवणं नाही.

आणि पाळीचं. ज्या बाईची तारीख त्या दिवसांत आहे तिनं यायचं का, असा प्रश्न निघाला. दोन थोरल्या बायका गप्प बसल्या. त्यांच्या मनात काय होतं ते आम्हाला कळत होतं. शेवटी एवढंच ठरलं की गाडीत सगळ्याच बसतील, देवळात कुणी जायचं ते जिचं तिनं ठरवायचं आणि कुणी कुणाला विचारायचं नाही. गाडीत जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे, झाकणाचा डबा, साबण आणि पॅडची दोन पाकिटं ठेवली. जिला लागलं तिनं घेतलं.

हा कागद काकूंना वाचून दाखवला. सगळा ऐकून त्या म्हणाल्या, "जेजुरीच्या पायऱ्या?" आम्ही म्हटलं, गुडघेवाल्या चौघी खाली नणंदेच्या दुकानात बसतील, तिथून कळसाला हात जोडायचे. "मग येते."

पहाटे पाचला निघालो. खुडूस फाट्याचं रिंगणाचं रान, पुढं पुरंदवड्याचं रान, अंधारात हात करून दाखवलं. आषाढात तिथं अश्व धावतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, आता नांगरलेली ढेकळं. नातेपुत्याला पहिला थांबा. धर्मपुरीला आपला जिल्हा संपला. सोलापूर जिल्ह्यात पालखीचं स्वागत होतं ते इथंच. बाटलीतलं पाणी दर थांब्यानंतर घोट-घोट प्यायचं, एकदम तांब्याभर नाही, असं काकूंनीच सगळ्यांना सांगायला सुरुवात केली.

नव्या रस्त्याबद्दल बोलायला हवं. ८ नोव्हेंबर २०२१ला पंढरपुरात प्रधानमंत्र्यांच्या हस्ते पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. दिवेघाट ते मोहोळ ज्ञानेश्वर महाराज मार्ग सुमारे २२१ किलोमीटर, आणि पाटस ते तोंडले-बोंडले तुकाराम महाराज मार्ग सुमारे १३०. कडेनं पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरलेली आहे. रस्ता छान झाला, नाही म्हणणार नाही. पूर्वी कंबर मोडायची. पण जुनी मोठी वडाची झाडं गेली. एका आजीला एक झाड आठवत होतं, तिथं लग्नाचं वऱ्हाड बैलगाडीतून उतरलं होतं, ती सारखी खिडकीतून बघत राहिली. नवी रोपं लावतात, पण त्यांची सावली आपल्या नातवंडांना मिळणार.

आणखी एक. मोठा रस्ता काही गावांच्या बाहेरून जातो. गाडी वेगात निघून जाते, पण एस.टी. स्टँड, औषधाचं दुकान, दवाखाना सगळं आत गावात राहतं. म्हणून कागदावर लिहा, कुठं रस्ता सोडून आत शिरायचं. नाहीतर पुढचा तासभर नुसता डांबराचा पट्टा. आणि गाडी बंद पडली, अपघात झाला, कुणाला बरं वाटेनासं झालं, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा नंबर आहे. ११२ तर सगळीकडंच. आम्ही दोन्ही नंबर कागदावर वरच मोठ्या अक्षरात लिहिले होते, कारण फोनमध्ये सेव्ह केलेलं घाईत सापडत नाही.

तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाशी उतरलो. पालखीचं पहिलं उभं रिंगण इथं होतं. ऊन चढलं होतं. एकीला गरगरायला लागलं. सावलीत बसवून घरचं जीवनजल दिलं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा आम्ही मुद्दाम बरोबर घेतला होता, अंदाजानं मीठ टाकू नका. अर्ध्या तासात तीच बाई गाणं म्हणायला लागली.

नीरेच्या पुलावर गाडी हळू केली. जेजुरीत वर गेलेल्या खाली आल्या तर खालच्या चौघी दुकानात बसून गिऱ्हाइकांना भंडारा विकत होत्या! नणंद म्हणाली, असल्या बाया रोज पाठवा.

सासवडला मुक्काम. खरं तर आळंदीला रात्री पोचता आलं असतं. पण दिवेघाट उतरून संध्याकाळच्या वेळी हडपसरच्या गर्दीत शिरायचं, तास-दीड तास गाडी जागेवर आणि उतरायला जागा नाही. काकूंच्या हिशेबात ते बसत नव्हतं. धर्मशाळेत खोल्या आधी सांगून ठेवल्या होत्या. संध्याकाळी कऱ्हेकाठी सोपानदेवांच्या समाधीला गेलो. घाई नव्हती. थोरल्या भावाकडं जाताना आधी धाकट्याला भेटलो, असं एक जण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला घाट उतरलो आणि ऊन पडायच्या आत इंद्रायणीवर होतो. समाधीपुढं रांगेत दोन तास जातील म्हणून काकूंना रांगेत लावण्याआधी एकीनं पुढं जाऊन बायकांचा संडास बघून ठेवला. १२९६ साली ज्ञानदेव जिथं बसले, तिथं काकू हात जोडून उभ्या राहिल्या. काय मागितलं ते आम्ही विचारलं नाही. बाहेर येऊन अजानवृक्षाखाली बसल्यावर त्यांनी बाटली काढली आणि सगळी प्यायल्या.

येताना तोच कागद उलटा वाचला. रात्री नऊला वेळापुरात. दोन दिवसांत एकूण एकवीस थांबे झाले. ठरवले होते सतरा, चार वाढले, त्यातला एक चिंचा विकत घेण्यासाठी होता. जमवलेल्या पैशातले शिल्लक राहिले ते नव्या वहीत आहेत.

या कागदाच्या झेरॉक्स आम्ही ग्रामसंघाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत, कुणालाही मिळतील. पुढच्या हंगामात तुकाराम महाराजांच्या वाटेनं देहूला जायचं मनात आहे. अकलूज, सराटी, इंदापूर, निमगाव केतकी, अंथुर्णे, सणसर, बारामती, उंडवडी, वरवंड, यवत, लोणी काळभोर. या गावांत माहेर असलेल्या, नाहीतर लेक दिलेल्या बायांनी आम्हाला कळवावं : बायकांचा संडास कुठं आहे, आत पाणी असतं का, आतून कडी लागते का, आणि किल्ली कुणाकडं असते.